खिडकीतलं ध्रुपद

पिकअप म्हटलं की मला एकच माहीत होतं, आमच्या हरिओमची पांढरी गाडी. अंकुशनगरहून ती मोसंबीचे क्रेट भरून जालन्याच्या मार्केटला जाते आणि येताना रिकामी येते. त्या रिकाम्या हौद्यात सतरंजी टाकून आम्ही बाया कीर्तनाला जातो. सप्ताह तीर्थपुरीचा असो की अंबडच्या अंगाचा, पांडुरंगानं माझी सोय त्या गाडीत करून ठेवलेली आहे. हा शब्द मुळात इंग्रजीतल्या दोन शब्दांचा आहे, त्याचे सात अर्थ आहेत आणि त्या सातांवर माझ्या सुनेचं नशीब येऊन अडणार आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

सून माझी आकांक्षा. हरिओमशी लग्न होऊन तीन वर्षं झाली, मांडीवर दहा महिन्यांची शालू. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वर बी.एड. केलेली. आवाज असा खणखणीत की चहा झाला म्हणून तिनं आतून हाक मारली तर आमच्या मालकांच्या आधी शेजारचे अप्पाराव येऊन बसतात. पण हाच आवाज शाळेत गेला की विहिरीत पडल्यासारखा होतो. नोकरीसाठी तिनं दोन शाळांत डेमो दिले होते. डेमो म्हणजे शाळेच्या मोठ्या माणसासमोर एक धडा शिकवून दाखवायचा. मुलगी बघायला येतात तसलाच प्रकार, फक्त पोह्याच्या बशीऐवजी हातात खडू. दोन्ही वेळेस निम्म्यावर गेल्यावर तिला पुढचं आठवेना. एकदा ती थँक्यू म्हणून वर्गाबाहेर निघून आली. दुसऱ्यांदा तर फळ्यासमोर उभीच राहिली, शेवटी त्या शाळेच्या बाईंनीच तिला बसायला सांगितलं.

माघ महिन्यात वडीगोद्रीच्या इंग्रजी शाळेतून फोन आला. तिथल्या इंग्रजीच्या मॅडम लग्न होऊन गेल्या होत्या आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. शुक्रवारी अकरा वाजता, सातवीचा वर्ग, पंचवीस मिनिटं. विषय मुख्याध्यापक राजानंद सरांनी फोनवरच देऊन टाकला, ‘पिक अप’ ह्या क्रियापदाचे अर्थ आणि उपयोग.

त्या संध्याकाळी भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, “आई, ही आता शेवटची खेप. ह्या वेळेस न्हाई जमलं तर सगळे पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकते. मंग मला कुणी मॅडम म्हणू नका.”

रडत म्हणाली असती तर मी घाबरले नसते. ती अगदी मीठ-पीठ संपल्याचं सांगावं तशी म्हणाली. मी त्या रात्री देवापुढं दिवा लावताना दुसरं काही मागितलं नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटलीपुरता. पण सुनेचं पाठांतर माझ्याच स्वयंपाकघरात चाललेलं, तर कान कसे बंद करायचे? मी विचारलं, पिक अप म्हणजे काय गं? ती म्हणाली, उचलणे. मी म्हटलं, मंग झालं की, एका शब्दाचं काम, त्याला पंचवीस मिनिटं कशाला पाहिजेत? तेव्हा ती हसली. चार दिवसांत तेवढी एकदाच हसली. पोळपाट बाजूला सारून तिनं मला समोर बसवलं आणि समजावून सांगायला लागली.

खाली पडलेलं लाटणं उचललं तर ते पिक अप. हे मला कळलं. हरिओम बसस्टँडवर आपल्याला घ्यायला येतो, तेही पिक अप. वाजणारा फोन घेतला, तेही. सप्ताहाच्या गर्दीतून मी मागच्या वर्षी सर्दी घेऊन आले आणि घरभर वाटली, त्यालाही तोच शब्द. कारखान्याचं गाळप सुरू झालं की वडीगोद्रीच्या रोडवरच्या हॉटेलांचा धंदा वाढतो, तो धंदासुद्धा पिक अप होतो. आमचे मालक कारखान्यात फिटर आहेत. ते ताटावर बसले होते. म्हणाले, “माझ्या मोटरसायकलचा पिकअप गेलाय दोन महिन्यांपासून. तो कोणत्या नंबरात बसतो बघ बरं.”

“धंद्याच्याच, दादा,” ती म्हणाली.

“म्हणजे मेकॅनिकच्या.”

उरले दोन. काल जिथं थांबलो तिथून आज पुढं सुरू करायचं, हा एक. आणि कुणी शिकवायला बसलं नाही, तरी नुसतं ऐकून-पाहून अंगी लागलं, हा दुसरा. हा शेवटचा ऐकला आणि मला माहेरचा उंबरा आठवला. माझ्या माहेरी भजनाची शिकवण फक्त माझ्या भावाला होती. पेटीवाले मास्तर यायचे, भाऊ समोर बसायचा आणि मी त्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं उंबऱ्यात उभी राहायचे. भावाला आज एक चाल नीट येत नाही. मला शंभर येतात. ह्या गोष्टीला जगात कुठंतरी नाव आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं. इंग्रजांचं सगळंच काही वाईट नव्हतं.

त्या दिवसापासून मला नादच लागला. शालूला पाळण्यातून काढायचं झालं की मी टाळ्या वाजवत भजनाच्या ठेक्यात म्हणायचे, “पिक अप, पिक अप, शालूबाई पिक अप.” मंगळवारपर्यंत ती नुसती बघायची. बुधवारी सकाळी मी पिक अप म्हटलं आणि पोरीनं दोन्ही हात वर केले. मी आकांक्षाला हाक मारून दाखवलं, पण ती तक्ता रंगवत होती. मोठ्या कागदावर एक ते सात आकडे, प्रत्येकाला वेगळा रंग. मान वर न करता चांगलंय म्हणाली.

बुधवारी तीर्थपुरीला सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन सकाळी दहाला. हरिओमला त्याच बाजूच्या बागेतून मोसंबी भरायची होती. मी आकांक्षाला म्हटलं, चल, दोन तास डोकं मोकळं होईल. ती नको नको म्हणत होती. मालक म्हणाले, जा, देवाच्या दारात इंग्रजी लवकर पाठ होतं. मग शालूला घेऊन आली.

कीर्तन सर्जेराव महाराजांचं होतं. वय पंच्याहत्तरच्या पुढं, अंगावर पांढरं उपरणं, आवाज आता थोडा कापतो, पण गोडी तीच. मी त्यांना तीस-पस्तीस वर्षं ऐकते आहे. महाराज एका चरणावर अर्धा तास बोलतात. एक दृष्टांत सांगतात, माणसाला पार दुसऱ्या गावाला नेऊन सोडतात आणि मग अलगद हात वर करून ध्रुपदाच्या, म्हणजे अभंगात फिरून फिरून येणाऱ्या ओळीवर आणतात. मागं उभे असलेले वीस टाळकरी ती ओळ धरतात, मृदंग घुमतो, आम्ही बायाही धरतो. म्हणजे घरी आल्यासारखं वाटतं. मग महाराज पुन्हा हात वर करतात, सगळे थांबतात आणि ते पुढचं चरण घेतात.

त्या दिवशी महाराज एका गवळणीचा दृष्टांत सांगत होते. डोक्यावर माठ आहे, ती नदीपाशी आली आहे, नावाडी तिला म्हणाला... आणि तिथं महाराज थांबले. आधी मला वाटलं, रंगत वाढवायला थांबले असतील. पण त्यांची नजर मी ओळखते. त्यांना नावाडी काय म्हणाला ते आठवेना.

एक श्वास गेला असेल नसेल. मागच्या रांगेतल्या एका टाळकऱ्यानं ध्रुपद उचललं, त्याच्या मागोमाग सगळ्यांनी. बायांच्या बाजूनं मी आधीच धरलं होतं. मंडप दणाणून गेला. महाराजांनी डोळे मिटले, डोलले, उपरण्यानं तोंड पुसलं. तीन-चार आवर्तनं झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, नावाडी तिला काय म्हणाला ते. लोक हसले, रडले, दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटला.

परतताना हौद्यात क्रेटांच्या मधल्या जागेत आम्ही दोघी बसलो होतो. आकांक्षानं विचारलं, “आई, महाराज विसरले होते का मधात?”

“हो.”

“मंग कुणी हसलं कसं न्हाई?”

“हसायला येळ कुठं मिळतो? तोंडात ध्रुपद असतं.” मी तिला रीत सांगितली. समोर उभं राहून बोलणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही. तो थांबला की आपण धरायचं. त्याला वाट सापडली की तो हात वर करतो, तेव्हा आपण सोडायचं. त्याच्या आधी नाही. यात कुणाचा मोठेपणा नाही आणि कुणाचा कमीपणा नाही.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, तू पण असंच कर. महाराज कधी सात अभंगांची प्रमाणं एका दमात देतात का? एकेक घे, त्याला गोष्ट सांग आणि दरवेळेस पोरांकडून पिक अप म्हणवून घे. तू थकलीस तर ते धरतील.

“आई, ती इंग्लिश स्कूल आहे,” ती म्हणाली. “सर टाय लावून मागं बसणार. तिथं टाळ्या वाजवल्या तर मला गेटपर्यंत सोडायला येतील.” आणि मग माझं मन दुखलं असेल असं वाटून तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. “मी चार्ट केलाय ना. चार्ट समोर असल्यावर विसरायला होणारच न्हाई.”

माझं मन दुखलं नव्हतं. तिची शाळा, तिचा चार्ट. मी शालूच्या तोंडाला लागलेलं दही पुसलं.

शुक्रवारी हरिओमनं आम्हाला साडेदहालाच शाळेपाशी सोडलं. शालू अजून अंगावर पिते, म्हणून तिला घेऊन मला जाणं भाग होतं. गेटातच आकांक्षानं मला बजावलं, आई, तुम्ही त्या लिंबाच्या झाडाखाली बसा, वर्गाकडं येऊ नका, तुम्ही दिसल्या की मला अजून सुचणार नाही. मी माळ हातात घेऊन सांगितलं, नाही येत.

आणि अर्धा तास मी खरंच बसले. मग उन्हानं सावली सरकवली. शालूला आईचा आवाज ऐकू आला आणि तिनं असा गळा काढला की दोन वर्गांतून माना बाहेर आल्या. म्हटलं, ही अशीच रडली तर सुनेचं चित्त उडेल. म्हणून तिला काखेत मारून मी व्हरांड्यात गेले आणि सातवीच्या खिडकीला लागून, भिंतीच्या आड उभी राहिले. मी कुणाला दिसत नव्हते. शालू शांत झाली. मला मात्र गजांच्या फटीतून निम्मा वर्ग दिसत होता.

तीसेक पोरं-पोरी. शेवटच्या बाकावर राजानंद सर, टाय खरंच होता, पुढं उघडी वही. आकांक्षानं तक्ता खिळ्याला टांगला होता आणि हातात पट्टी. पहिला अर्थ सांगितला, इंग्रजीत, मग एक वाक्य. पोरांनी लिहून घेतलं. दुसरा सांगितला, पोरांनी लिहून घेतलं. आवाज बरा होता, पण घरचा नव्हता. घरच्या आवाजाला मीठ असतं. तिसरा अर्थ चालू असताना तक्त्याची एका बाजूची दोरी निसटली. तक्ता वाकडा होऊन स्वतःवरच दुमडला आणि एक ते सात सगळे आकडे आत गेले.

तिनं तो धरला, लावायला गेली, दोरी पुन्हा निसटली. तेवढ्यात सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांनी सहज पाहिलं असेल, पण तिनं ते बघितलं. तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. परवाच तीर्थपुरीच्या मंडपात ऐकलेली.

मी काही ठरवून केलं नाही. देवाशपथ नाही. तोंड आपोआप उघडलं. शालूला काखेत सावरून, खिडकीसमोर येऊन, दुसऱ्या हातानं गजावर ताल धरून, कीर्तनाच्या मंडपात जातो तेवढ्याच आवाजात मी धरलं, “पिक अप, पिक अप, शालूबाई पिक अप!”

वर्गातली सगळी डोकी एकदम खिडकीकडं वळली. आणि शालूनं, आईकडं बघून, दोन्ही हात वर केले.

पुढच्या बाकावरची एक पोरगी फसकन हसली, पण हसता हसता तिनं टाळी धरली. तिचं नाव साक्षी, हे मला मागून कळलं. मग शेजारची. मग मागची पोरं. ती शाळा टायवाली असली तरी पोरं कुठली? महाकाळ्याची, वडीगोद्रीची, आजूबाजूच्या वस्त्यांवरची. प्रत्येकाच्या घरात खुंटीला टाळ लटकलेले. ध्रुपद कसं धरायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नव्हतं आणि सगळ्यांना येत होतं. तीस पोरांनी एका तालात “पिक अप, पिक अप” सुरू केलं.

तेव्हा मला भान आलं. मी गप्प झाले. राजानंद सर बाकावरून उठून उभे राहिले होते. आकांक्षाचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. ज्या नोकरीसाठी देवाला दिवे लावले ती मीच फुंकर मारून विझवली. मी थांबले होते, पण पोरं थांबेनात. कशी थांबतील? समोरच्यानं हात वर केल्याशिवाय थांबायचंच नसतं.

आकांक्षानं पोरांकडं पाहिलं. मग खिडकीकडं, शालूच्या वर केलेल्या हातांकडं. आणि तिनं सावकाश आपला उजवा हात वर केला, अगदी सर्जेराव महाराजांसारखा. वर्ग एका क्षणात शांत झाला.

“कोण आहेत त्या?” सरांनी मागून विचारलं.

ती म्हणू शकली असती, माहीत नाही सर, कुणी पालक असतील. मला ते चाललं असतं. ती म्हणाली, “सर, माझ्या सासूबाई आहेत. माझी ओळ हरवली होती, ती त्यांनी उचलली.” आणि लगेच पोरांकडं वळून तेच इंग्रजीत म्हणाली. त्यात पिक अप होतं, तेवढं मला कळलं. ती बोलली ते घरच्या आवाजात.

मग ती खिडकीपाशी आली. पोरांना विचारलं, ही शालूबाई हात वर करून काय मागते आहे? पोरं ओरडली, “पिक मी अप!” तिनं विचारलं, हिला हे कुणी शिकवलं? एक पोरगा म्हणाला, आजीनं. ती म्हणाली, आजी शिकवत नव्हती, आजी तर गाणं म्हणत होती. साक्षी उभी राहून म्हणाली, “शी पिक्ड इट अप, मॅडम.” तिथून गाडी जी सुटली ती थांबली नाही. हरिओमची पिकअप आली, त्यानं स्टँडवर कुणाकुणाला घेतलं ते आलं, माझी सप्ताहातली सर्दी आली, मालकांची मोटरसायकल आली. दर गोष्टीनंतर ती हात पुढं करायची आणि पोरं ध्रुपद धरायची. दुमडलेला तक्ता तसाच लोंबत राहिला. पंचवीस मिनिटांची घंटा झाली तेव्हा सहा झाले होते, सातवा राहिला. ती म्हणाली, उद्या इथूनच पुढं सुरू करू, आणि मग स्वतःच थबकली, कारण तिचं उद्या काही ठरलेलं नव्हतं. पोरांच्या मात्र दुसरंच लक्षात आलं. राहिलेला सातवा अर्थ तोच होता, थांबलो तिथून पुढं सुरू करायचं.

सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, “कळवतो” म्हणाले आणि निघून गेले.

हरिओम घ्यायला आला. कसं झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, विचारू नका. उसाचे ट्रॅक्टर पुढं चाललेले, गाडी गोगलगायीसारखी, आणि मी जपाचे मणी ओढत होते पण नाव तोंडात येत नव्हतं. घरी शालूला माझ्याकडून घेताना ती एवढंच म्हणाली, “आई, तुम्ही झाडाखाली बसणार होत्या.”

रागानं म्हणाली असती तर मी माफी मागितली असती. ती थकून म्हणाली.

शनिवार गेला. रविवारी तिनं खताचं धुतलेलं पोतं काढलं आणि पुस्तकं, वह्या, सर्टिफिकेटांची फाइल, रंगवलेला तक्ता, सगळं भरून तोंड सुतळीनं बांधलं. मालकांनी ते माळ्यावर ठेवलं. जेवताना त्यांनी मोटरसायकलचा विषय काढून बघितला, पण कुणी हसलं नाही. रात्री मी विठ्ठलाला म्हटलं, तुझं ध्रुपद मी चाळीस वर्षं धरते आहे, आता एकदा तू धर.

सोमवारी दुपारी आकांक्षा कणीक मळत होती. ओट्यावर तिचा फोन वाजला. तिनं वाकून नाव पाहिलं आणि मागं सरली, जणू फोन तापलेला तवा आहे. “शाळेचा आहे,” ती म्हणाली. “आई, तुम्ही उचला. माझ्यानं न्हाई होत.”

मी उचलला.

“आकांक्षा मॅडम का?” राजानंद सरांचा आवाज.

“ती कामात हाय सर. मी तिची सासू बोलून राह्यले.”

“खिडकीतल्या?”

“हो सर. चूक माझी हाय, तिची न्हाई. तिनं मला झाडाखाली बसवलं होतं. तुम्ही पाहिजे तर मला शाळेच्या रोडनं येऊ देऊ नका, पण तिला...”

“ते राहू द्या बाई,” सर म्हणाले. “मला एक सांगा. शुक्रवारपासून सातवीचा वर्ग ते म्हणून राह्यलाय. पाणी प्यायला जाताना म्हणतात, डबा खाताना म्हणतात. आज पाचवीच्या पोरांनीपण धरलंय. मी दोनदा रागावून आलो. ते थांबवायचं कसं?”

हा प्रश्न मला येत होता. चाळीस वर्षांत मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला पक्कं माहीत होतं.

“सर, ध्रुपद रागावून थांबत न्हाई,” मी म्हटलं. “त्याला पुढचं चरण सांगणारं माणूस समोर उभं करावं लागतं.”

पलीकडून आवाज आला, तो हसण्याचा होता असं मी म्हणेन, पण सरांचा टाय डोळ्यांसमोर येऊन खात्री वाटेना. मग ते म्हणाले, “बराबर आहे. उद्या साडेदहाला त्यांना पाठवून द्या. सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स सोबत पाहिजेत. आणि बाई, तुम्ही...”

“मी झाडाखाली बसते सर.”

“आमच्या न्हाई. घरच्या झाडाखाली. नात रडली तर मधल्या सुट्टीत घेऊन या.”

फोन ठेवला. आकांक्षा कणकेचे हात तसेच छातीशी धरून उभी होती. शालू रांगत येऊन तिच्या पायाशी बसली होती आणि दोन्ही हात वर करून वाट बघत होती. आकांक्षानं माझ्याकडं पाहिलं. विचारायची तिला हिंमत होत नव्हती. महाराज असते तर त्यांनी इथं थांबून मंडपाला दोन घटका ताटकळत ठेवलं असतं, पण माझ्यानं ते झालं नाही.

“हात धू आणि ह्यांना हाक मार,” मी म्हटलं. “पोतं खाली काढायचंय. तुझे सर्टिफिकेटं त्यातच हायेत.”

तिनं हाक मारली. मालकांच्या आधी अप्पाराव आले.